तडजोडीआधी बहिणीला एकटीला विचारा

मा. संपादक,

राष्ट्रीय लोकअदालत झाली की निकाली प्रकरणांचे आकडे छापून येतात. त्यातल्या वाटपाच्या दाव्यांविषयी लिहितो आहे. दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून माझी नोकरी झाली; तडजोडीच्या असंख्य पुरसीस (पक्षकारांनी सही करून कोर्टात दिलेली लेखी निवेदने) हाताखालून गेल्या.

बहीण भावाच्याच गाडीतून कोर्टात येते. तिचा वकीलही त्यानेच ठरवलेला. व्हरांड्यातल्या बाकावर तो पाने उलटतो, बोट ठेवतो, तिथे ती सही करते. ‘सही नाही केलीस तर माहेर तुटलं समज’ हे घरी बोलून झालेले असते. आत ‘तडजोड मान्य आहे ना?’ असे विचारल्यावर ती मान हलवते, तेव्हाही भाऊ शेजारीच. २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तो असा पाच मिनिटांत सुटतो.

ही संमती मुक्त म्हणायची का? माहेर तोडण्याची धमकी हा गुन्हा नाही, त्यामुळे करार कायद्याच्या कलम १५मधली जबरदस्ती तिथे सिद्ध होणे अवघड. पण कलम १६ आहे. नात्यातल्या वरचढपणाचा वापर करून गैरफायदा घेतला असेल तर तो अनुचित प्रभाव ठरतो आणि तडजोड रद्द होऊ शकते. वाटा कमी आला किंवा नंतर वाईट वाटले, एवढ्यावर मात्र कोर्ट ती मोडत नाही, आणि ते योग्यच आहे.

खरी अडचण पुढे येते. तडजोड हुकूमनामा, म्हणजे तडजोडीवरून कोर्टाने दिलेला निकाल, बेकायदा आहे म्हणून नवा दावा चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३-अ ने ती वाट बंद केली आहे. ज्या कोर्टाने तो केला तिथेच अर्ज द्यावा लागतो. हे कितीजणींना कोणी सांगते? लोकअदालतीच्या निवाड्यावर तर अपीलच नाही, थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. शेतात राबणाऱ्या बाईला ते कसे झेपणार?

म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांना विनंती आहे. हक्क सोडणाऱ्या पक्षकार बाईला लोकअदालतीच्या पॅनेलने नातेवाइकांना बाहेर पाठवून एकटीला बसवावे, मजकूर मराठीत वाचून दाखवावा, आणि कोणत्या गटातला किती हिस्सा ती सोडते आहे हे तिच्याच तोंडून वदवून घ्यावे. तिला ते सांगता आले नाही, तर त्या दिवशी सही घेऊ नये.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा