माझ्यामागं दिसला तो सापच होता

लीड्स, ९ जानेवारी

प्रिय आई,
अण्णांना आणि आजीला नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर तू एवढी ओरडलीस की पुढचं काही बोलताच आलं नाही आणि मग माझी शिफ्ट होती, म्हणून टाईप करून पाठवतेय. दादाला म्हणावं मोठ्यानं वाच, आजीला ऐकू जाईल असं. तर हो, माझ्यामागं काचेच्या पेटीत दिसला तो सापच होता. माझा नाहीये. आमच्या घरात जी इंग्लिश मुलगी राहते तिचा आहे, ती ख्रिसमसला गावी गेलीय, परवा येईल, तोवर मी बघतेय एवढंच. विषारी नाही, अजिबात नाही. कॉर्न स्नेक म्हणतात, मूळचा अमेरिकेतला, आपल्या धामणीच्या गोतावळ्यातला, चार फूट, केशरी रंगाचा, नाव मार्मलेड. इथं असला साप पाळायला परवाना लागत नाही, विषारी असेल तर लागतो, १९७६ चा कायदा आहे तसा, त्यामुळं अण्णांनी पोलीस येतील वगैरे डोक्यात घेऊ नये. आणि तू कशाला घाबरतेस गं? तुझं माहेर शिराळ्याचं, लहानपणी पंचमीला मडक्यातला जिवंत नाग दारात यायचा असं तूच सांगायचीस, आणि पोरीच्या खोलीत मक्याच्या नावाचा साप दिसला तर देव आठवले!

खाणंपिणं नेहमीचंच, ते लिहीत नाही. थंडी आहे, स्वेटर घालते.

आता तू सगळ्यात आधी विचारशील तेच सांगते, खातो काय. उंदीर. जिवंत नाही, इथं जिवंत घालणं बरं समजत नाहीत. साप-कासवांच्या सामानाचं दुकान असतं, तिथं गोठवलेले उंदीर पाकिटात मिळतात, आपल्याकडं मटार मिळतात तसे, आणि त्यात साईज असतात. नुकतं जन्मलेलं बिनकेसांचं ते पिंकी, जरा लव आलेलं फझी, उड्या मारायच्या वयाचं हॉपर, मग मोठे. सापाच्या जाडीएवढा उंदीर निवडायचा. तो रात्रभर फ्रीजमध्ये खाली काढून ठेवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात सोडायचा, मायक्रोवेव्ह चुकूनही नाही, फुटतो म्हणे, आणि लांब चिमट्यानं शेपटीला धरून पुढं हलवायचा म्हणजे सापाला जिवंत वाटतो. हे ती मुलगी मला इतक्या शांतपणे समजावत होती, जशी तू मला कुकरची शिट्टी समजावलीस. तीन पानं लिहून ठेवून गेली. फ्रीजरमध्ये माझा कप्पा वेगळा आहे, वरचा, उंदीर सगळ्यात खाली, डब्यात, डब्यावर चिठ्ठी. माझ्या भाकरीला काही लागत नाही. आजीला एवढा भाग वाचू नका हवं तर.

तर झालं असं की ती गेल्यावर दोन-तीन दिवसांतच त्याचा रंग उतरायला लागला. केशरी होता तो राखाडी, धुरकट, जुन्या भिंतीसारखा. मला वाटलं थंडी लागली, मी थर्मामीटर बघितला तर पेटीतली उबेची बाजू २९, सगळं ठीक. मग २५ तारखेला सकाळी बघते तर डोळे निळे-पांढरे. आजीचा डावा डोळा दिसतो ना, अगदी तसे दोन्ही. हातपाय गळाले माझे. लोकाचं जनावर माझ्या ताब्यात असताना आंधळं झालं म्हणून त्या मुलीला ऐन ख्रिसमसच्या जेवणात फोन केला आणि रडलेच, ती हसायलाच लागली. कात टाकायला आलाय म्हणे.

आपल्याकडं म्हणतात ना कात टाकताना साप आंधळा होतो आणि चवताळतो, ते निम्मं खरं आहे बघ. सापाला पापणी नसते. डोळ्यावर काचेसारखी एक चकती असते, ती कातडीचाच भाग, कातेबरोबर तीही निघते. आतली नवी कातडी तयार झाली की जुनीच्या आणि नवीच्या मध्ये पातळ द्रव सुटतो, त्यानं सगळं दुधाळ दिसतं, डोळेसुद्धा. तेव्हा त्याला नीट दिसत नाही, मग कोण आलं कळत नाही म्हणून तो भितो आणि भितो म्हणून फुत्कारतो. राग नसतो तो. एरवी हातावर चढणारा हा साप आठवडाभर पाण्याच्या भांड्यामागं वेटोळं करून बसला, मी काच सरकवली तरी शेपूट थरथरवायचा. वार लावून दिलेला म्हणून मी मेलीनं उंदीर दाखवला तर त्यानं मान मागं घेऊन चिमट्यावरच झडप घातली आणि उंदीर तिथंच टाकून आत गेला. वाया गेला. त्या दिवसांत खाऊ घालायला जाऊ नये, हात लावू नये, नवी कातडी कोवळी असते, असं पान नंबर दोनवर लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं.

एकच करायचं असतं, ओलावा द्यायचा. इथं हीटरनं हवा इतकी कोरडी की माझेच ओठ फुटलेत. तर आईस्क्रीमचा रिकामा डबा घेतला, त्याला बाजूनं भोक पाडलं, आत ओलं शेवाळ, आणि तो पेटीत ठेवला. तू त्याच डब्यात कोथिंबीर ठेवतेस. तासाभरात साहेब आत.

मग ३० ला डोळे परत स्वच्छ झाले. मला वाटलं संपलं, कात राहूनच गेली. पण तसंच असतं, आधी डोळे निवळतात आणि मग चार-पाच दिवसांनी कात पडते. ४ तारखेला नाईट करून सहाला घरी आले तर डब्याबाहेर कात पडलेली, अजून ओलसर. लाकडाच्या ओंडक्याला नाक घासून ओठापासून सुरुवात करतो आणि मग मोजा उलटा काढावा तसा तिच्यातून पुढं सरकत जातो, म्हणून कात उलटी निघते. सापापेक्षा वीतभर लांब भरली, ताणली जाते ना. मी ती खिडकीत उजेडाला धरली, डोक्याच्या जागी दोन बारीक गोल, टिकलीच्या पाठच्या कागदाएवढे, स्वच्छ. ते दोन्ही आलेत का हेच आधी बघायचं असतं. एखादा राहिला तर नखानं काढायला जायचं नाही, डोळा जातो. आमच्याकडं डोळे आले, पण शेपटीच्या टोकाला अंगठीसारखं एक कडं राहिलं. ते तसंच राहिलं तर आवळतं, रक्त पोचत नाही आणि टोक वाळून गळतं. मग कोमट पाण्याच्या डब्यात वीस मिनिटं बसवलं आणि ओल्या फडक्यातून शेपूट हळूच सरकू दिली, निघालं बाई एकदाचं. हात थरथरत होते पण केलं. रंग असा आलाय की विचारू नको, पंचमीच्या नव्या बांगड्यांसारखा. दोन दिवसांनी उंदीर गपकन गिळला.

आजी म्हणाली ना दूध ठेव, ते साप पीत नाही गं, कुठलाच. कात मात्र कपाटात ठेवली की पैका टिकतो म्हणते तर त्या मुलीला विचारून घेतलीय मी, वर्तमानपत्रात गुंडाळून पासपोर्टपाशी ठेवलीय.

आता तेवढं सांगूनच टाकते. २५ ला मैत्रिणींकडं जेवायला गेले असं मी म्हणाले होते ते तसं नव्हतं. त्या दिवशी इथं बससुद्धा नसते. मी घरीच होते, वरणभात केला. आणि साप मी हौसेनं सांभाळत नाहीये, त्या बदल्यात ती माझा दोन महिन्यांचा लाईट-गॅस भरणार आहे. ख्रिसमसनंतर आमचे तास कमी केलेत, म्हणून यावेळी हप्त्याला बारा हजार कमी आलेत, दादाला म्हणावं बँकेत सांभाळून घे, फेब्रुवारीत भरते. म्हणूनच फोन उचलत नव्हते, भांडणबिंडण काही नाही. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्या पैशासाठी थांबवू नका. खरंच नको. दादाकडून घ्या, मी त्याला देईन.

तासगावच्या स्थळाचा फोटो बघितला. नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाहीये. मुलगा बरा वाटतो, पण त्याची आई 'कायमची कधी येणार' असं दोनदा विचारते याचा अर्थ मला कळतो. अण्णांना म्हणावं मार्चपर्यंत उत्तर मागू नका. आणि कृपा करून त्यांना सापाचं सांगू नका.

संक्रांतीला वहिनीच्या बाळाचं बोरन्हाण करा, फोटो पाठवा. रविवारी तुमच्या चारला फोन करते. पेटी मागं दिसणार नाही अशी बसेन.

तुझी,
धाकटी