‘हात लावू का?’ असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत पार्किंगमध्ये मुलांनी लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या, गाड्यांची शर्यत लावली होती, त्या संध्याकाळबद्दल लिहितेय. खरं तर समोर येऊन आभार मानायचे होते. दोनदा तुमच्या मजल्यापर्यंत आले आणि परत फिरले, कारण बोलायला लागले की रडू येईल हे माहीत होतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

मागचं तुम्हाला माहीत नाही. मे महिन्यात लेकाला अशाच गाड्या बनवायच्या एका शिबिराला घातलं होतं. शेवटच्या दिवशी शर्यत होती आणि याची गाडी उतारावर मध्येच थांबली. का थांबली ते त्याला कळलं होतं, तो सांगायला गेला आणि पहिल्याच अक्षरावर अडकला. तो अडखळत बोलतो. तिथल्या सरांनी गाडी त्याच्या हातातून काढून घेतली, मिनिटभरात चाकं बदलली आणि “चल, पुढचा कोण?” म्हणाले. गाडी सुसाट धावली, टाळ्याही पडल्या. घरी आल्यावर त्याने ती सुटी करून डब्यात टाकली आणि डबा माळ्यावर ठेवायला लावला. “अहो, सरांनी मदतच केली ना?” असं मला दोघातिघांनी समजावलं. मुलाला काहीतरी सांगायचं होतं, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या गोष्टीचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असंही वाटत नाही.

दिवाळीत मित्रांनी हट्ट केला म्हणून डबा खाली आला. पाच पोरं, फर्निचरच्या कामातून उरलेली प्लायवूडची फळी आणि तिच्या टोकाखाली किल्ल्यासाठी आणलेल्या खऱ्या विटा. नियम त्यांचेच. गाडी नुसती सोडायची, ढकलायची नाही, आणि सगळ्यांत लांब जाईल ती जिंकली. याची पुन्हा अर्ध्यात थांबली. माझ्या पोटात गोळा आला.

तुम्ही मंडईतून येत होतात. पिशवी खाली ठेवलीत आणि त्या धुळीच्या फरशीवर चक्क पालथे झोपलात, चाकाच्या उंचीला डोळा लावून. मग विचारलंत, “हात लावू का?”

तो अडकला. ओठ हलत होते, मान ताणली गेली होती. “हो हो, लावा ना काका,” हे माझ्या तोंडाशी आलं होतं. स्पीच थेरपिस्टनी शंभरदा सांगितलंय की त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, तरी मी करते. आई असून करते. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. हात फरशीवर तसेच आणि नजर त्याच्यावर, घाई कसलीच नाही. तुम्ही थांबलात म्हणून बाकीची पोरंही गप्प राहिली.

आणि तो म्हणाला, “नको.”

काका, मी ‘हो’ म्हणणार होते. त्या क्षणापासून हेच डोक्यात आहे. आजवर किती ठिकाणी त्याच्या ‘नको’चं मी ‘हो’ केलं असेल?

तुम्ही उठून बसलात, दोन्ही हात पाठीमागे घेतलेत आणि म्हणालात, “बरं. मग तूच बघ, मी नुसतं सांगतो. मागचं डावं चाक गाडीच्या विटेला घासतंय. थोडा प्ले ठेव.” प्ले म्हणजे काय, हे त्याने विचारलं, तुम्ही सांगितलंत, चाक फिरायला थोडी मोकळी जागा. तुमचं आयुष्य लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, गेलंय, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्याने चाक दांडीवरून नखभर बाहेर ओढलं आणि गाडी पंपरूमपर्यंत गेली. नंबर तिसरा आला. ती गाडी अजून टेबलावर आहे, सुटी केलेली नाही.

मग तो बोलायलाच लागला. लेगोच्या विटेचं पेटंट 28 जानेवारी 1958 चं, डेन्मार्कमधलं, आणि त्या वर्षीची वीट आजच्या विटेवरही बसते. वर आठ उंचवटे असलेल्या एकाच रंगाच्या सहा विटा 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात. हा आकडा तो शब्दांत सांगत होता, एक्क्याण्णव कोटींपासून. वेळ लागला. शेवटच्या पासष्टपर्यंत तुम्ही ऐकलंत, मग म्हणालात, “एकदा परत सांग, मला लक्षात ठेवायचाय.” आणि त्याने परत सांगितला!

पैशाने, ओळखीने मदत करणारे भेटतात, त्यांचेही उपकार आहेतच. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या वस्तूला हात लावण्याआधी त्याला विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, हा सभ्यपणा मला मोठ्या शिकल्यासवरलेल्या माणसांतही फार कमी दिसला आहे.

रविवारी सकाळी तो तुमच्याकडे येणार आहे, एकटाच. गाडी घेऊन येईल. त्याला तुम्हाला काहीतरी विचारायचं आहे. काय ते मी विचारलेलं नाही.

आपली,
त्याची आई