आजीचं ते वाक्य

जुनी शुक्रवारी, नागपूर
नागपंचमी

प्रिय सुमे,

दोन वर्षं पत्र नाही, तुझ्या सुनेच्या डोहाळजेवणालाही आले नाही. आधी मनसोक्त शिव्या घाल, मग पुढचं वाच. आमचं बरं आहे. साखर आटोक्यात, गुडघे कुरकुरतात.

आज दाराला आतून कडी घालून बसले आहे. का, ते तुला सांगायला नको.

बंड्याच्या धाकट्याला पंधरा ऑगस्टला सोसायटीत भाषण करायचं आहे. बापानं सगळं पाठ करून घेतलंय: १६ ऑगस्ट १९४२, चिमूर, अशीच नागपंचमी, पणजोबा मोर्चात पुढे. पलटण येते म्हणताच रातोरात भिसीवरून उमरेड, तिथून छोट्या गाडीनं इतवारी. मग तीस वर्षं एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर. इंग्रजाशी लढलेला माणूस राणीच्या पदवीचं नाव असलेल्या मिलमध्ये राबला, हे पोराला फार लागलं. हुशार आहे गं. सगळं खरंच आहे. फक्त एक ओळ आहे त्यात, ‘पणजोबा-पणजी नागपूरला आले.’

आजी आली दिवाळीनंतर. पलटण चिमुरात होती तेव्हा ती सतरा वर्षांची, आणि घरात ती आणि सासू, दोघीच.

मी म्हटलं, ही ओळ बदल. बंड्या म्हणतो, “ताई, काय फरक पडते? लेकराचं भाषण आहे.” फरक पडतो! चिमूरच्या बायांवर जे झालं त्याची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातल्या भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. त्यांच्या नात्याची ना गोत्याची एकही बाई तिथं नव्हती. आणि आम्ही घरचे, आजीला आजोबांशेजारी गाडीत बसवून मोकळे.

तो दिवस आठवतो ना? आठवीत होतो. झोक्यावर आधी कोण बसणार म्हणून तू माझी वेणी ओढलीस (आता म्हणशील मीच ओढली). आजीनं दोघींना दंडाला धरून आत आणलं, कडी घातली, वर दाराला पाटा टेकवला. आपल्याला हसू फुटलं. मग ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “ते पळाले, बरं केलं. आम्हाले कोण पळू देते? रातभर घरातून आवाज येत होता.”

तू म्हणतेस, ‘शेजारच्या घरातून’ म्हणाली. मी म्हणते, ‘घरातून’. यावरून आपण कुठे कुठे भांडलो, सुमे! तुझ्या हळदीला भांडलो. तू पुण्याला निघालीस तेव्हा फलाटावर भांडलो. गाडी हलली तेव्हा तू खिडकीतून ओरडलीस, “बरं बाई, तुझंच खरं!” मला ते अजिबात नको होतं. तुझंच खरं निघावं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

आजोबांचा ७२ सालचा ताम्रपट अजून भिंतीवर आहे. पंचमीच्या आदल्या दिवशी आजी तो चिंचेनं घासायची. बंड्या म्हणतो, अभिमान होता तिला. काल मी खाली काढून पाहिला. घासून घासून आजोबांच्या नावाची अक्षरं पुसट झालीत.

कोणाले सांगू नका म्हणून तिनं आपल्या दोघींचे हात तुळशीवर ठेवले होते. मी भाषणात एवढंच घालायला सांगणार आहे: ‘पणजी तेव्हा चिमूरलाच होती.’ बाकी शब्द नाही. एवढ्यानं शपथ मोडते का? हे मी दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही, यांनासुद्धा नाही.

नात झाल्याचं बंड्याच्या बायकोकडून कळलं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू घेऊन येईन, पोळ्यानंतर नक्की.

तेरापर्यंत पोचेल असं लिही. फोन करू नकोस, मला बोलवणार नाही. आणि त्या दुपारी तू काय ऐकलंस ते पुन्हा एकदा लिही, माझं मन राखायला नको, ऐकलंस तसं.

तुझीच,
शालू