घरी विचार शिकवू, पण तो शाळेत चालेल का?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सहावी ते आठवीच्या मुलांना घरच्या घरी तर्काने विचार करायला कसं शिकवावं, हा तुमच्या रविवारच्या पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रोज वेगळा तासभर काढा, कोड्यांचे संच विकत आणा, मुलांना 'का' विचारायची सवय लावा, हे वाचून राहवलं नाही. मुलं 'का' विचारतातच. विचारल्यावर त्यांचं पुढे काय होतं, त्यावर लेखात एक ओळ नाही.

मी लहान बांधकामं ठेक्याने घेतो. मुलगी सातवीत आहे. शनिवारी हजेरी वही मांडून मजुरांचा पगार काढायला बसलो की ती शेजारी येऊन बसते. कोण किती दिवस आला, अर्धी हजेरी कुणाची, उचल किती गेली, हे तिला तोंडपाठ असतं. मी तिला काही शिकवायला बसवलेलं नाही, ती बघून बघून शिकली.

सहामाहीला व्यस्त प्रमाणावर गणित आलं होतं. 24 मजूर एक भिंत 15 दिवसांत बांधतात, तर 18 मजुरांना किती दिवस लागतील? तिने लिहिलं, भिंतीला एकूण 360 हजेऱ्या लागतात, रोज 18 भरल्या तर 20 दिवस. उत्तर बरोबर. तीनपैकी एक गुण मिळाला. शेजारी लाल शाईत शेरा, 'रीत चुकली'. मी वही घेऊन शाळेत गेलो. बाई सभ्यपणे बोलल्या, मीही आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे, पण नमुना उत्तरात चलपद मानून समीकरण मांडलेलं आहे. पुढे बोर्डाला असं लिहिलं तर गुण जातील, आत्तापासून सवय हवी." हजेरी म्हणजे मजूर गुणिले दिवस, आणि व्यस्त प्रमाणात हाच गुणाकार कायम राहतो, म्हणजे पुस्तकातली रीतही तीच झाली, हे मी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "पुस्तकात हजेरी हा शब्द नाही."

घरी आल्यावर दुसरी गोष्ट कळली. वर्गात तिने हात वर करून विचारलं होतं की या 24 जणांत गवंडी किती आणि बिगारी किती. कारण गवंडी कमी झाले तर बिगारी नुसते उभे राहतात, काम त्या हिशेबाने पुढे सरकत नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या सुपरवायझरला हा प्रश्न सुचायला दोन वर्षं गेली. तिला उत्तर मिळालं, "गणितात दिलेलं नाही ते विचारू नकोस." सगळे मजूर सारख्याच वेगाने काम करतात असं आपण इथे धरलंय, एवढं एक वाक्य बाई बोलल्या असत्या तर अख्ख्या वर्गाला गृहीतक म्हणजे काय ते कळलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीतला एक प्रसंग सांगतो. साइटवर क्रश सँडचा ट्रेलर आला. ड्रायव्हर म्हणाला, पुरा एक ब्रास आहे, वर ढीग बघा केवढा. पोरगी म्हणाली, "काका, आधी ढीग सपाट करा, मग मापू." फावड्याने सपाट करून टेप धरला. लांबी साडेनऊ फूट, रुंदी पाच, उंची पावणेदोन. तिने जमिनीवर काडीने गुणाकार केला, 83 घनफूट आणि वर थोडं. ब्रास म्हणजे 100 घनफूट. सतराएक घनफूट कमी. ड्रायव्हरने पैसे कमी घेतले आणि तेव्हापासून तो ढीग दाखवत नाही. यासाठी कुठलाही संच विकत आणावा लागला नाही.

हे माझ्याच घरापुरतं नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो या नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं अवघड हिशेब डोक्यात अचूक करतात आणि तशीच गणितं पुस्तकी पद्धतीने मांडली की अडतात. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं याच्या उलट होतं. म्हणजे दोन्हीकडे अक्कल आहे, मधला पूल नाही. तो पूल बांधायचं काम शाळेचं. शाळेबाहेरच्या जगण्याशी ज्ञान जोडा आणि घोकंपट्टी सोडा, हे 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात लिहिलेलं आहे. चिकित्सक विचारावर 2020 च्या शैक्षणिक धोरणातही भर आहे. कागदावर सगळं आहे, पण उत्तरपत्रिका तपासताना ते कुणाला आठवत नाही. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीसाठीसुद्धा आमच्या तालुक्यात क्लासवाले ट्रिका पाठ करून घेतात.

आता मुलगी गणित सोडवायच्या आधी मला विचारते, "पप्पा, मला समजलंय तसं लिहू, का गाइडमधलं लिहू?" तिचे दोन गुण गेले त्याचं मला काही वाटत नाही. हा प्रश्न मात्र रात्री झोपू देत नाही. मी काय सांगू? गाइडमधलं लिही म्हणालो तर शनिवारी वहीशेजारी बसून शिकली ते मीच पुसलं. समजलंय तसं लिही म्हणालो तर गुण जातात. लेखिकाबाईंनी याचं उत्तर लिहावं, मी मनापासून वाचेन.

आणखी एक. तुमच्या बालपुरवणीत गेल्या महिन्यात कोडं होतं. एका सळईचे पाच तुकडे करायचे, एका कापाला दोन मिनिटं लागतात, तर एकूण वेळ किती? पुढच्या अंकात उत्तर छापलं, 10 मिनिटं. पाच तुकड्यांना काप चारच लागतात, म्हणून 8 मिनिटं. मुलीने सळईचं चित्र काढून तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं, त्याला तीन आठवडे झाले. दर अंकात ती आधी तेच पान उघडते. दुरुस्ती छापावी ही विनंती. तिचं नाव छापलं नाही तरी चालेल, चित्र छापा.

आपला,
एक बांधकाम ठेकेदार आणि पालक,
ता. कराड, जि. सातारा