‘तिकडे सगळं लीगल आहे’ हे अर्धंच खरं

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सोपोतवर लेख आलाय, पोलंडचं बाल्टिक समुद्रावरचं ते गाव, तो वाचला. अर्धा लेख वाचेपर्यंत मजा आली कारण ते गाव मी बघितलंय, बघितलंय म्हणजे २०१३ साली आमचं जहाज ग्दान्स्कला ड्रायडॉकमधे रिपेअरला लागलं होतं तेव्हा साडेतीन आठवडे आम्ही तिकडेच होतो आणि ड्युटी संपली की ती निळी-पिवळी लोकल पकडून सोपोतला जायचो, वीसेक मिनिटं लागतात. ग्दान्स्क, सोपोत, ग्दिनिया ही तीन गावं एकमेकाला चिकटलेली, आपल्या मुंबई-ठाण्यासारखी, कुठे एक संपून दुसरं सुरू झालं कळत नाही. पण लेखाच्या शेवटी ती ‘नाइटलाइफ टिप्स’ची चौकट आहे ना, त्यात लिहिलंय की तिकडे एस्कॉर्ट सर्व्हिस लीगल आहे, पोलिश मुली मनमोकळ्या असतात, एकट्या पुरुषांनी टेन्शन घेऊ नये. ते वाचून डोकं फिरलं म्हणून हे पत्र.

आधी कायद्याचं बोलू. पोलंडमधे बाईने स्वतः शरीर विकून पैसे घेतले तर तो गुन्हा नाही, हे खरं. पण तिच्या कमाईतून तिसऱ्याने पैसे खाल्ले, गिऱ्हाईक आणून दिलं, किंवा धंद्याला जागा करून दिली आणि त्यात फायदा घेतला, तर तो गुन्हा आहे, त्यांच्या दंडसंहितेचं कलम २०४, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि मुलगी अल्पवयीन असेल तर दहापर्यंत. म्हणजे ‘एस्कॉर्ट सर्व्हिस’ मधली जी ‘सर्व्हिस’ आहे, एजन्सी, मॅनेजर, फोन उचलणारा, कमिशन घेणारा, तीच नेमकी बेकायदा. मग ह्या एजन्स्या चालतात कशा? तिकडे त्यांना ‘आगेंत्स्या तोवाझिस्का’ म्हणतात, शब्दशः सोबतीची एजन्सी, कम्युनिस्ट राजवट गेल्यावर नव्वदच्या दशकात ह्या पाट्या सगळीकडे उगवल्या. कागदावर मालक म्हणतो मी फक्त खोल्या भाड्याने देतो, किंवा बार चालवतो, किंवा मसाज, आत दोन माणसं काय करतात तो त्यांचा प्रश्न. सगळ्यांना सगळं माहीत असतं. आपल्याकडे नाही का, लॉजवर पाटी ‘फॅमिली रूम’ची असते.

तसं बघितलं तर आपला १९५६ चा कायदा पण फार लांब नाही, आपल्याकडेही बाईने स्वतः, खाजगीत केलेला धंदा हा गुन्हा नाही, कुंटणखाना चालवणं, दलाली, रस्त्यावर उभं राहून बोलावणं हे गुन्हे आहेत. पण म्हणून कोणी पुण्याच्या टुरिस्ट गाइडमधे बुधवार पेठ ‘लीगल आहे, टेन्शन नाही’ असं छापेल का? तिकडचं गाव गोरं आहे म्हणून आपला पेन लगेच सैल होतो.

आणि ‘युरोपात सगळीकडे चालतं’ हे तर अजिबात खरं नाही. एकाच बाल्टिकच्या काठावर बघा. समोरच्या स्वीडनमधे १९९९ पासून विकणारी गुन्हेगार नाही, विकत घेणारा गुन्हेगार आहे, आणि ग्दिनियाहून स्वीडनच्या कार्ल्सक्रोनाला रोज फेरी जाते, म्हणजे रात्री बोटीत झोपलात तर सकाळी कायदा पूर्ण उलटा. वरती लिथुआनियात विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही दंड. त्याच्या पुढे लाटव्हियात चालतं पण बाईकडे हेल्थ कार्ड लागतं आणि शाळा-चर्चच्या जवळ बंदी. जर्मनीत २००२ पासून हे रीतसर काम धरलं जातं. आता अशा ठिकाणी वाचकाला ‘लीगल आहे’ एवढ्या दोन शब्दांवर पाठवायचं म्हणजे कठीण आहे.

एक गमतीची गोष्ट मला तिथल्या यार्डातल्या एका फोरमनने सांगितली होती, मी तेव्हा थाप समजलो होतो, नंतर कळलं खरी आहे. पोलंडमधे ह्या कमाईवर इन्कम टॅक्सच लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी असा करारच होऊ शकत नाही. उलट बेहिशेबी पैसा सापडला तर त्यावर ७५ टक्के कर. त्यामुळे काय व्हायचं, टॅक्सवाल्यांनी धरलं की लोक सरळ सांगायचे हा पैसा मी शरीर विकून कमावला! मग ऑफिसर पुरावा मागणार, आणि पुरावा काय आणणार कप्पाळ. हसलो आम्ही खूप. पण नंतर विचार केला तर ज्या बाया खरोखर हे काम करतात त्यांना ह्याचा अर्थ असा की कामाची नोंद नाही, त्या कामाची पेन्शन नाही, आणि दारात विश्वासाचा माणूस बसवून त्याला पगार दिला तर तो माणूसच कलम २०४ मधे जायचा. कर नाही म्हणजे सोय आहे असं लांबून वाटतं.

आता मुद्द्याचं. सोपोतमधे गिऱ्हाईक फसतो तो बहुतेक एजन्सीत नाही, रस्त्यावर फसतो. स्टेशनकडून समुद्राकडे उतरणारा मोठा वॉकिंग रस्ता आहे, इटलीतल्या मोंते कासिनोच्या लढाईतल्या वीरांचं नाव आहे त्याला, लोक लाडाने ‘मोन्चाक’ म्हणतात (त्या लढाईत १९४४ ला आपली चौथी इंडियन डिव्हिजन पण लढली होती, असो). वाटेत ते वाकडंतिकडं वितळल्यासारखं घर, खाली ग्रँड हॉटेल, आइस्क्रीमवाले, पोरंबाळं घेऊन आलेल्या फॅमिल्या. आणि आम्ही होतो तेव्हा संध्याकाळ झाली की छत्र्या घेतलेल्या पोरी. पाऊस नसताना छत्री. इंग्लिशमधे गोड बोलायच्या, आमच्या क्लबमधे चला, फ्री एंट्री, एक ड्रिंक फ्री.

आमच्यात एक ज्युनियर होता गुहागरकडचा, बावीस वर्षांचा, पहिलंच सेलिंग. एका रात्री परत आला नाही, पहाटे आला तो पांढराफटक. छत्रीवालीने क्लबात नेलं, तिथे एक मुलगी शेजारी बसली, तिच्यासाठी शॅम्पेन मागवा म्हणाली, मग अजून एक, त्याला पुढचं नीट आठवतच नव्हतं, कार्डावरून सहा हजार झ्लॉटीच्या वर गेले होते, तेव्हाच्या भावाने लाखाच्या पुढे. अंगाला हात लावलेला नाही कोणी, फक्त बिल. मला म्हणाला, “काका, कोणाला सांगू नका.” पोलिसात चल म्हटलं तर नको, कॅप्टनला कळेल. बँकेला फोन लावला तर बँक म्हणे पिन टाकून पेमेंट झालंय. घरी बापाला त्याने लॅपटॉप चोरीला गेला म्हणून सांगितलं. लाज, हेच त्यांचं खरं भांडवल, कारण तक्रार करायला जाणार कोण आणि काय म्हणून? तुमची चौकट वाचून अजून दहा पोरं जातील आणि ती पण हेच करतील.

आणि ते ‘पोलिश मुली मनमोकळ्या’. माझा त्या वाक्यावर सगळ्यात जास्त राग आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, सैबेरियातून जीव वाचवून आलेली. आपल्या लोकांनी तेव्हा त्यांना शेजारी म्हणून बघितलं. ऐंशी वर्षांनी त्यांच्या नातींबद्दल मराठी पेपरात हे छापायचं? रस्त्यावरची छत्रीवाली पण बहुतेक कमिशनवर उभी असते हो, आणि खोलीतल्या बायांमधे किती बेलारूस, युक्रेनहून आलेल्या, त्यांच्यासाठी कोणी चौकट काढत नाही.

सोपोतला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा. नेपोलियनच्या फौजेतला एक डॉक्टर, हाफनर, त्याने १८२३ ला तिथे पहिलं स्नानगृह काढलं तेव्हापासून लोक तिथे हवा खायला जातायत. पाणी ऑगस्टमधे पण गार, आपण कोकणातली माणसं गुडघ्याच्या वर जात नाही, पण वाळूवर राजहंस फिरतात आणि ते बघायला पैसे पडत नाहीत. सकाळी सातला जा, मोन्चाक रिकामा असतो.

तेवढी ती चौकट पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा. आणि त्याच लेखात लाकडी जेटी ‘सुमारे ३०० मीटर’ लिहिलीये, ती पाचशे साडेअकरा मीटर, म्हणजे ५११.५ आहे. मी टोकापर्यंत चाललोय, दोनदा.

आपला,
एक निवृत्त सेकंड इंजिनियर (मर्चंट नेव्ही), दापोली