विषय: ओपन हार्डवेअर म्हणून विकलेला पाण्याच्या पातळीचा सेन्सर दुपारी चुकतोय, आणि डिझाइन फाइल्स मिळत नाहीत

सपोर्ट टीमला नमस्कार,

तुमचा अल्ट्रासॉनिक लेव्हल सेन्सर आम्ही ओढ्याच्या पुलाखाली लावलाय, पाण्यापासून साधारण 3 मीटर वर. जुन्या बॅचचे सेन्सर बरोबर चालतायत. नव्या बॅचचे मात्र रोज ऊन चढलं की पाणी 10 सेंटिमीटरच्या आसपास उतरल्याचं दाखवतात आणि रात्री परत जागेवर येतात. शेजारच्या गेज पट्टीवर (पाण्यात उभी केलेली मोजपट्टी) पाणी हललेलं नसतं, भर दुपारी उभं राहून बघितलंय.

तुमच्याकडून उत्तर आलं की काठावरची झाडं दिवसा पाणी ओढतात म्हणून पातळी उतरते. झाडं ओढतात हे खरंय, पण मग ते गेज पट्टीवरही दिसलं असतं ना? उलट याच कारणामुळे ही चूक जास्त घातक आहे, कारण ती खऱ्या गोष्टीसारखी दिसते आणि ज्याच्याकडे पट्टी नाही तो हा डेटा खरा धरून पुढची गणितं करून मोकळा होईल.

आम्ही डबा उघडून बघितला. जुन्या बॅचमध्ये तापमानाचा सेन्सर वायरने बाहेर सावलीत काढलेला होता, नव्यात तो थेट बोर्डावर बसवलाय, व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आणि स्वतः तापणाऱ्या रेग्युलेटरच्या शेजारी. तुमचा सेन्सर आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो आणि त्यासाठी आवाजाचा वेग तापमानावरून ठरवतो. हवेतला आवाजाचा वेग दर डिग्रीला सेकंदाला 0.6 मीटरने वाढतो, तर समजा बाहेरची हवा 30 डिग्री आहे आणि उन्हात तापलेला डबा 50, तर फर्मवेअर (सेन्सरमधला प्रोग्रॅम) वेग 349 ऐवजी 361 धरणार, म्हणजे 3 मीटरचं अंतर 3.10 होणार आणि पाणी तेवढंच खाली दिसणार. आकडा बरोबर तोच येतोय बघा.

हे आम्ही स्वतः दुरुस्त केलं असतं, ओपन हार्डवेअर, म्हणजे डिझाइन सगळ्यांना खुलं असलेलं उपकरण, घेतलं ते त्यासाठीच. पण साइटवर जुन्याच बोर्डाचं स्किमॅटिक (सर्किटचा आराखडा) आहे, नव्याची फक्त पीडीएफ, आणि फर्मवेअरची तयार बायनरी, जिच्यात सोर्स कोड दिसत नाही. ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशनच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की बदल करता येतील अशा मूळ फाइल्स द्यायच्या. पीडीएफमध्ये आम्ही काय बदलणार? आणि वर तुमचेच लोक म्हणतात "ओपन आहे, तुम्ही मॉडिफाय करू शकता".

सगळ्यात जास्त त्रास याचा की लॉगरमध्ये फक्त तयार अंतर साठतं. प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ आणि तापमान असं कच्चं रीडिंग ठेवलं असतं तर मागचा सगळा डेटा आज नव्याने काढता आला असता. आता या पावसाळ्यातलं दुपारचं रेकॉर्ड गेलं ते गेलंच, गेलेला पूर काही परत मोजता येत नाही.

त्यामुळे नव्या बोर्डाच्या किकॅड (सर्किट डिझाइनचं सॉफ्टवेअर) फाइल्स, फर्मवेअरचा सोर्स कोड आणि कुठल्या बॅचपासून काय बदललं याची नोंद साइटवर टाका. पुढच्या फर्मवेअरमध्ये कच्चं रीडिंग साठवायची सोय द्या. आणि ज्यांनी ज्यांनी ही बॅच घेतलीय त्या सगळ्यांना कळवा, नुसतं आम्हाला नको, कारण कोणीतरी या आकड्यांवर पुराचा इशारा देत असेल आणि तिथे पाणी 10 सेंटिमीटर कमी दिसणं परवडणारं नाही. पैसे परत नकोत, बाहेर काढता येणारा तापमानाचा सेन्सर पाठवलात तरी चालेल, बसवायचं आमचं आम्ही बघू.

पट्टीचे फोटो आणि दोन्ही बॅचचा डेटा सोबत जोडलाय. फाइल्स कधी टाकताय ती तारीख लेखी कळवा.

आपला,
एक ग्राहक