दिन्यास, जंतूंच्या पुडीबद्दल

चेंबूर, मुंबई

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इचलकरंजीत मेहुण्यांच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, एक एजंट 'जीन बदललेले जंतू' घेऊन येतोय, पुडी टाकली की ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांचं, पाणी पिण्यासारखं होतं म्हणतोय, आणि तू मला विचारतोस, खरं का. अरे, पिण्यासारखं म्हणतोय ना? मग पहिला पेला त्यालाच द्या.

पण मूळ विषय थापेचा नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाली माणसानं अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना तेल खाणारा जीवाणू तयार केला. तेलातले निरनिराळे घटक पचवायची विद्या निरनिराळ्या जीवाणूंकडे असते, प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर. यांनी त्या कड्या स्यूडोमोनास जातीच्या एकाच जीवाणूत आणून बसवल्या. सजीवाचं पेटंट देता येतं का, यावरून भांडण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1980 साली 5 विरुद्ध 4 असा निकाल चक्रवर्तींच्या बाजूनं लागला. एवढं होऊन तो जीवाणू समुद्रात तेल खायला काही उतरला नाही.

2010च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा दुसऱ्या जहाजावर आदळली, तेल अलिबाग-उरणपर्यंत गेलं, आठवतं? तेव्हा किनाऱ्यावर टेरी या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर वापरलं होतं. मक्याच्या कणसांच्या भुकटीत बसवलेले जीवाणू, पण साधे, निसर्गातलेच. अलास्कात 1989 साली एक्झॉन व्हाल्डेझचं तेल सांडलं, तिथे तर किनाऱ्यावर चक्क खत फवारलं. तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाल्यावर तिथलेच जंतू जोमानं वाढले.

जंतू असतातच रे. एमएस्सीला असताना आम्ही खाडीचा काळा गाळ क्षार घातलेल्या पाण्यात कालवून वर क्रूड तेल ओतायचो आणि फ्लास्क शेकरवर, म्हणजे हलवणाऱ्या यंत्रावर, लावायचो. आधी वर तेलाचा चकचकीत तवंग. काही दिवसांनी तो फाटायला लागायचा, त्याचे बारीक ठिपके व्हायचे, खालचं पाणी ताकासारखं गढूळ. बाहेरून काही टाकलेलं नसायचं. फक्त शेकर हवा खेळवत होता.

आता कुर्ल्याच्या पुलावरून मिठी बघ. पाणी डांबरासारखं, मधूनच बुडबुडे, सडक्या अंड्याचा वास. विहार-पवईपासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम 18 किलोमीटरची नदी, पण वाटेत सांडपाणी, भंगारवाल्यांच्या पिंपांचं तेल, सगळं तिच्यात. त्या पाण्यात ऑक्सिजनच नाही, आणि तेल भराभर फोडायला तोच लागतो. लॅबमध्ये लाडात वाढवलेला जीवाणू तिथे सोडला तर प्रोटोझोआ, म्हणजे जीवाणू खाणारे एकपेशीय जीव, त्याला खाऊन टाकतील, नाहीतर स्थानिक जंतू उपाशी मारतील. शिसं-कॅडमियम तर कुठलाच जंतू नाहीसं करत नाही, फार तर त्याचं रूप बदलतो. शिवाय वरून नाला चालूच. म्हणून नदीत जीन बदललेले जंतू सोडायची भाषा कुणी केली की मला राग येतो.

बंद टाकीत मात्र मी या शास्त्राच्या बाजूनं आहे. प्रदूषण ओळखणारे पहारेकरी म्हणूनही. 1996 साली अमेरिकेत एचके 44 नावाचा बदललेला जीवाणू परवानगी घेऊन मातीत सोडला होता. नॅफ्थलीन, म्हणजे डांबरगोळीतलं रसायन, भेटलं की तो चमकायचा. मला ही कल्पना भारी आवडते.

आता तुमच्या रंगाचं. कापडाला वापरतात त्या ॲझो रंगाचा रेणू बिनहवेच्या टाकीत जीवाणू मधोमध तोडतात, पाणी फिकं होतं आणि एजंट बाटली उंच धरून दाखवतो. पण त्या तुकड्यांतून ॲरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं तयार होतात आणि त्यातली काही कॅन्सर करणारी असतात. ती पुढे हवेच्या टाकीत फोडावी लागतात. तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका, सीओडीचे (पाण्यातली घाण फोडायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) आणि अमाइनचे रिपोर्ट मागा, आधीचे आणि नंतरचे. आणि खरंच जीन बदललेले असतील तर जीईएसी या केंद्र सरकारच्या जनुकीय समितीची मंजुरी दाखव म्हणावं. 1989च्या नियमांप्रमाणे त्याशिवाय असले जंतू वापरता येत नाहीत. मला वाटतं, कागद मागितला की पुडीतले जंतू लगेच 'नैसर्गिक' होतील.

पुडीचं लेबल व्हॉट्सॲपवर टाक. आणि एक काम कर, रात्री अकरानंतर न सांगता प्रोसेसवर जा आणि टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चालू आहे का बघ. वीजबिल वाचवायला तो बंद ठेवत असतील तर पुडीचे पैसे ब्लोअरवर घाला, टाकीत आहेत तेच जंतू काम करतील. मेहुण्यांना माझं नाव सांगू नकोस, मला अजून तुमच्याकडे जेवायला यायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या